कोण वर, कोण खाली? गंगनहरीच्या काठाने चार दिवस

पहिला दिवस : धनत्रयोदशी, हरिद्वार

हरिद्वारला पोचलो तेव्हा गंगनहर, म्हणजे गंगेचा कालवा, कोरडा होता. मधोमध घोट्याएवढ्या पाण्याचे ओघळ, बाकी सगळे गोटे, वाळू, चिंध्या, फुटक्या पणत्या. आणि त्यात पाच-पन्नास माणसं कमरेत वाकून काहीतरी शोधत होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने अण्णांकडे. ज्या कालव्याचं नाव गेले सहा महिने घरात गाजत होतं, तो बघायला आम्ही ऐन दिवाळीत फराळाचे डबे बांधून इतक्या लांब आलो होतो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी नगर जिल्ह्यात, पाटबंधारे खात्यात, कालव्यावर. निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी वाटेत पाट दिसला की गाडी थांबवायला लावतात. हरिद्वारजवळच्या रुरकीचा जलसेतू, म्हणजे नदीवरून कालवा नेणारा पूल, बघायचा हे त्यांच्या मनात तरुणपणापासून होतं. साहेब लोक रुरकीला जाऊन यायचे, तिथल्या गोष्टी सांगायचे. अण्णांनी त्या ऐकूनच पाठ केल्या होत्या.

"क्लोजर आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "दसऱ्याला पाणी बंद करतात, गाळ काढतात, दारांची डागडुजी करतात आणि दिवाळीच्या रात्री सोडतात. म्हणून तर ही तारीख काढली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज चढला. दिवाळी घराबाहेर करायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता.

"भरलेला कालवा काय, कुणीही बघतं. रिकामा वर्षातून वीस दिवस मिळतो बघायला."

पुढच्या चार दिवसांत त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. त्या क्षणी मात्र आम्ही कुणीच त्यांच्याशी फार बोललो नाही.

मुलांना पटायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वाकलेली माणसं नाणी शोधत होती. वर्षभर भाविकांनी गंगेत टाकलेली नाणी, अंगठ्या, देवांच्या छोट्या मूर्ती पाणी हटलं की उघड्या पडतात. एकजण दोरीला मोठं लोहचुंबक बांधून गाळातून ओढत होता. नऊ वर्षांची ओवी त्याच्या मागेमागे फिरली आणि तासाभरात दोन रुपयांचं एक काळंठिक्कर नाणं मिळवून आली. तेरा वर्षांच्या ईशानला आणखी मोठं घबाड मिळालं: कालव्याच्या तळाशी गाडलेले लोखंडी रूळ. स्टेशनजवळच्या पात्रात पाणी गेलं की हे रूळ दिसतात. बांधकामाच्या काळात माल वाहणाऱ्या ढकलगाड्यांसाठी ते टाकले असं म्हणतात. "ट्रेन पाण्याखालून जायची?" असं त्याने विचारलं आणि अण्णांना हवा तो श्रोता मिळाला.

गोष्ट सुरू होते दुष्काळापासून. १८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात, म्हणजे दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, पाऊस फिरला, आणि सुमारे आठ लाख माणसं मेली असा अंदाज आहे. कंपनी सरकारचा महसूल बुडाला, मदतीवर पैसे खर्चावे लागले. मग कालव्याचा विचार गांभीर्याने सुरू झाला. माणसं मेली म्हणून की महसूल बुडाला म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावं. काम सोपवलं प्रॉबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याकडे. हा माणूस इंजिनियरिंगच्या कॉलेजात कधी गेला नव्हता. तसं कॉलेज इथे तेव्हा नव्हतंच. सहा महिने घोड्यावरून आणि पायी हिंडून त्याने दुआबाची मापं घेतली. एप्रिल १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. त्याच सुमाराला गव्हर्नर जनरल बदलले, एलेनबरोसाहेबांना हे काम नको होतं, पैसा आटला, कॉटली आजारी पडून तीन वर्षं इंग्लंडला गेला, परत आला. शेवटी ८ एप्रिल १८५४ रोजी पाणी सुटलं. मुख्य कालवा ३४८ मैल, म्हणजे सुमारे ५६० किलोमीटर, शाखा आणखी ३०६ मैल.

संध्याकाळी हर की पौडीवर गेलो. आरतीपुरतं पाणी तिथे ठेवलेलं होतं. गर्दी नेहमीचीच. आईंनी पाण्यात हात बुडवला, डोळ्यांना लावला आणि ईशानने नको तो प्रश्न विचारला: "ही गंगा आहे की कालवा?"

या प्रश्नावर मोठमोठी माणसं भांडली आहेत. कॉटलीने इथे बंधारा घालायचं ठरवलं तेव्हा हरिद्वारच्या पुरोहितांनी हरकत घेतली की गंगा बांधून घालता येणार नाही. त्याने बंधाऱ्यात मोकळी वाट ठेवायचं कबूल केलं, घाट दुरुस्त करून देण्याचं मान्य केलं, आणि कामाचा शुभारंभ गणेशपूजनाने केला. हे ऐकून आईंचा कॉटलीवरचा राग बराच निवळला. पुढे विसाव्या शतकात नवीन बंधाऱ्याची योजना आली तेव्हा पंडित मदनमोहन मालवीयांनी आंदोलन उभं केलं आणि १९१६ साली सरकारला करार करावा लागला की हर की पौडीला गंगेची अखंड धार मिळत राहील. समोरच्या घंटाघराच्या बेटाला मालवीय द्वीप म्हणतात ते त्यामुळे. अगदी अलीकडे, २०१६ साली, राज्य सरकारने या प्रवाहाला कागदोपत्री 'एस्केप चॅनल' ठरवलं, म्हणजे जादा पाणी सोडायचा मार्ग. लोक खवळले. २०२० मध्ये तो आदेश मागे घेतला गेला.

"मग काय आहे?" ईशान.

"सरकारदरबारी गंगा," अण्णा म्हणाले. आई म्हणाल्या, "आणि माझ्या दारीही गंगाच."

दुसरा दिवस : नरकचतुर्दशी, हरिद्वार ते धनौरी

पहाटे हॉटेलच्या न्हाणीघरात उटणं लावून अभ्यंगस्नानं उरकली. कारीट कुठून मिळणार, ओवीने टाचेखाली प्लास्टिकच्या बाटलीचं बूच फोडलं. आठ वाजता उडनखटोल्याने, म्हणजे रोपवेने, मनसादेवीला गेलो. मुलांना घेऊन गंगनहर बघायला जाणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी, घाटावरून नव्हे. डोंगरावरून एका नजरेत सगळं दिसतं: पहाडातून उतरणारी गंगा, भीमगोड्याचं बॅरेज, तिथून उजवीकडे फुटलेला कालवा आणि डावीकडे पसरलेलं नदीचं रुंद पात्र. बॅरेजही एकदाच बांधलेलं नाही. मूळचं हेडवर्क, म्हणजे नदीचं पाणी कालव्यात वळवणारं बांधकाम, १८५४ चं, ते दोनदा बदललं, आत्ताचं १९८३ ला पूर्ण झालं. खाली उभं राहून अर्धा तास समजावून सांगितलं असतं तरी जे कळलं नसतं, ते ओवीने वरून पाच मिनिटांत वहीत काढलं, एका फांदीची दोन बेचकी.

ज्या डोंगरावर आम्ही उभे होतो तो शिवालिकचा. याच शिवालिकच्या रांगांत कॉटली आणि त्याचा मित्र ह्यू फॉल्कनर यांनी जीवाश्म खोदून काढले. आजच्यापेक्षा कितीतरी मोठं कासव, जिराफाच्या कुळातला पण हत्तीसारखा थोराड शिवाथेरियम, पाणघोडे, मगरी. १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने दोघांना वोलास्टन पदक दिलं. कालव्याचं काम सुरू व्हायच्या पाच वर्षं आधी. ओवीच्या लेखी कॉटली तिथून पुढे 'कासववाले काका' झाला. कालवा त्याचा जोडधंदा.

दहाला गाडी ठरवली होती. ड्रायव्हरला सांगितलं, हमरस्ता नको, कालव्याच्या काठाने चला. "पटरी से? वहाँ देखने को क्या है?" असं म्हणत त्याने गाडी पटरीवर घातली. ही नहर पटरी उत्तरेकडच्या श्रावणात गंगाजलाची कावड नेणाऱ्या कांवडियांनी भगवी होते. दिवाळीत रिकामी असते. अण्णा पुढच्या सीटवर, काच खाली, मान बाहेर.

निघायच्या आधी त्यांनी मुलांना एक काम दिलं होतं. हरिद्वार ते रुरकी या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात डोंगरातून येणारे चार ओढे कालव्याला आडवे येतात. त्यांना इथे 'राव' म्हणतात. आठ महिने वाळू, पावसाळ्यात तासाभरात हत्ती वाहून नेतील असा लोंढा. प्रत्येक ठिकाणी बघायचं आणि वहीत लिहायचं: कोण वर, कोण खाली?

पहिलं ठिकाण राणीपूर. गाडीतून उतरलो तर समोर एक रुंद पूल, पण त्यावर रस्ता नाही, दोन्ही बाजूंना कठडे आणि मध्ये वाळू. खाली कालवा, तोही रिकामा. मुलं गोंधळली. वर पाणी नाही, खाली पाणी नाही, मध्ये नुसता पूल. ओवी म्हणाली, "आजोबा, हा वेड्यांचा पूल आहे का?"

"हा नदीचा पूल आहे. माणसांचा नाही."

याला सुपर-पॅसेज म्हणतात. पावसाळ्यात राणीपूरचा राव या वाळूवरून, पुलावरून, कालव्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि खालून कालवा शांतपणे आपल्या वाटेने. भरलेल्या कालव्यात ही खालची कमान पाण्यात बुडालेली असते. आम्हाला काठाच्या उतारावरून आत वाकून थेट तिची जाडी, विटांचे थर, पाण्याने घासून गोल झालेले कोपरे दिसले. अण्णांनी तिथे किमान चाळीस मिनिटं काढली. मी मध्येच म्हटलं, "अण्णा, पुढे अजून तीन आहेत." ते म्हणाले, "हो हो," आणि विटा मोजत राहिले.

या विटांची एक गोष्ट आहे. इतक्या मोठ्या कामाला लागतील तेवढ्या विटा इथे कुणी पाडत नव्हतं. कॉटलीने भट्ट्या स्वतः लावल्या, चुना स्वतः भाजला. सिमेंट तेव्हा इथे नव्हतंच. विटांची भुकटी म्हणजे सुरखी चुन्यात कालवून वापरली. ही जोडी पाण्याखाली हळूहळू घट्ट होत जाते. "आमच्याकडच्या जुन्या दगडी मोऱ्यांतही हेच," अण्णा म्हणाले. "आम्ही सिमेंटने दगडांमधल्या फटी भरायचो आणि तीन वर्षांत सिमेंट सुटायचं. चुना तसाच."

पुढे बहादराबादवरून पाथरी. पुन्हा सुपर-पॅसेज, राणीपूरपेक्षा रुंद, कारण राव रुंद. मुलांनी वहीत खूण केली: नदी वर, कालवा खाली. दुसऱ्यांदा बघताना त्यांना कंटाळा आला आणि मला समजलं की मुलांना दोन्ही दाखवायची गरज नाही. एक नीट बघावं. इथेच डबा सोडला. कालव्याच्या काठावर आंब्याच्या सावलीत चकली आणि शंकरपाळी खाल्ली. ड्रायव्हरने अनारसा खाल्ला, विचार केला आणि आणखी एक मागितला.

खरी गंमत धनौरीला. "आता लेव्हल क्रॉसिंग येणार," अण्णा म्हणाले, तेव्हा ईशान रेल्वेचं फाटक शोधायला लागला. इथे रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर भेटतात. वरून न्यायला उंची नाही, खालून न्यायला खोली नाही. मग कॉटलीने सरळ नदीला कालव्यात येऊ दिलं. एका बाजूने नदी आत शिरते, समोरच्या बाजूला दारांची लांबलचक रांग, त्यातून बाहेर पडते. कालव्यावर खालच्या अंगाला आणखी दारं. नदीला पूर आला की समोरची दारं उघडायची, कालव्याची दारं लावायची, आणि लोंढा आडवा निघून गेला की पुन्हा उलट. चौकातला पोलीस गाड्या सोडतो तसं.

"आणि दारं उघडायला उशीर झाला तर?" ईशानने विचारलं.

अण्णा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणून तर माणूस ठेवायचा. रात्री, पावसात, कंदील घेऊन." त्यांची नोकरी तशीच गेली. एका ऑगस्टमध्ये घरातल्या मुलाचा ताप सोडून ते फाट्याच्या दारावर दोन रात्री उभे होते. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला आठवत नाही, आईंना आठवतं. त्या शेजारी उभ्या होत्या आणि दारांकडे बघत होत्या, कुणी काही बोललं नाही.

वहीत ओवीने लिहिलं: धनौरी. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. पोलीस पाहिजे.

परतण्याआधी थोडं पुढे जाऊन, अंधार पडता पडता, पिरान कलियरला सूफी संत साबिर साहेबांच्या दर्ग्यापाशी चहा घेतला. कालवा दर्ग्याच्या जवळून जातो. चौथा राव, सोलानी, उद्यासाठी ठेवली.

तिसरा दिवस : लक्ष्मीपूजन, रुरकी आणि पुन्हा हरिद्वार

सोलानी नदी. हिच्यासाठी अण्णा आले होते.

आतापर्यंत नद्या कालव्यावरून गेल्या, कालव्यातून गेल्या. इथे उलट: खालून नदी, वरून कालवा. सोलानीचं खोरं इतकं रुंद आणि खोल आहे की कालव्याला खोऱ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर चार किलोमीटरहून लांब मातीच्या भरावावरून चालवत नेलंय, आणि नदीच्या पात्रावर विटांचा जलसेतू. १५ कमानी, प्रत्येकी ५० फूट गाळ्याची. आपण नगर-नाशिककडे जलसेतू पाहतो ते दोन-चार गाळ्यांचे, वरून पाट जातो एवढेच. इथे वरून एक नदी जाते. मूळ आराखड्यात कालव्याचा विसर्ग ६,७५० क्युसेक धरला होता, पुढे तो वाढवला. मुलांना क्युसेक समजावणं अवघड जातं, म्हणून नवऱ्याने हिशोब मांडला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर धरला तर दर सेकंदाला १९ टँकर. ईशान मोठ्याने मोजायला लागला, "एकोणीस, अडतीस, सत्तावन्न..." आणि दहाव्या सेकंदाला दमला.

आम्ही खाली नदीच्या पात्रात उतरलो. सोलानी दिवाळीत म्हणजे घोटाभर पाणी. कमानीखाली उभं राहून वर बघितलं तर विटांचं आभाळ. ओवीने हाक मारली, हाक घुमून आली, मग पुढची पंधरा मिनिटं तेच. एक गोष्ट पालकांसाठी: खाली उतरायला नीट वाट नाही, काटे आहेत, पात्रात काचा आहेत. बूट घालूनच जावं. आईंना वरच ठेवलं.

अण्णा प्रत्येक कमानीखाली गेले. पंधराच्या पंधरा. नवरा त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन. सहाव्या कमानीपाशी ते थांबले आणि हात विटेवर ठेवून उभे राहिले. मी फोटो काढणार होते. नाही काढला.

वर आलो तर दोन्ही टोकांना सिंह. रुरकीकडे दोन, पलीकडच्या मेहवडकडे दोन, प्रत्येक सिंह ऐटीत. रुरकीत पत्ता सांगताना 'शेर के पास' म्हणतात. ओवी त्यातल्या एकाच्या पंजाशेजारी उभी राहिली तर पंजाच तिच्याएवढा वाटला.

या जलसेतूसाठी माती वाहायला कॉटलीने विलायतेहून वाफेचं इंजिन मागवलं. डिसेंबर १८५१ मध्ये ते पिरान कलियर आणि रुरकीच्या दरम्यान मातीचे डबे ओढायला लागलं. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ ची. "म्हणजे पहिली ट्रेन ठाण्याची नाही?" ईशानला धक्काच बसला, शाळेत त्याने ठाण्याच्या गाडीवर निबंध लिहून बक्षीस मिळवलंय. समेट असा झाला की माणसांची पहिली गाडी ठाण्याची, आणि मातीची ही गाडी तिच्या आधीची. काही महिन्यांतच या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि काम पुन्हा माणसांच्या आणि जनावरांच्या अंगावर आलं. रुरकी स्टेशनाबाहेर इंजिनाची प्रतिकृती ठेवलेली आहे. ती बघून ईशान म्हणाला, "एवढंसं?" हरलेल्या बाजूचं बोलणं.

कालव्याला इंजिनियर लागले, ते इथेच तयार करायचे म्हणून १८४७ साली रुरकीत कॉलेज निघालं. लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन याचा त्यात पुढाकार. तो सप्टेंबर १८५३ मध्ये वारला. पाणी सुटायला फक्त साडेसहा महिने राहिले होते. पुढच्या वर्षी कॉलेजला त्याचं नाव दिलं. १९४९ मध्ये ते विद्यापीठ झालं, २००१ मध्ये आयआयटी. दिवाळीच्या सुट्टीमुळे आम्ही फाटकाबाहेरूनच बघितलं. अण्णांना त्याचं फार वाटलं नाही. "कॉलेज कालव्यासाठी काढलं," ते म्हणाले, "कालवा बघितला, झालं."

दुपारी हरिद्वारला परत. हॉटेलच्या खोलीत टेबलावर लक्ष्मीचा फोटो, बत्तासे, आणि ओवीने मिळवलेलं काळं नाणं चिंचेने घासून चकचकीत करून पूजेत ठेवलं. आईंनी ते नाणं कुणाचं तरी नवसाचं असेल म्हणून आधी कुरकूर केली, मग त्यावर कुंकू लावलं.

रात्री अकराला सगळे पुलावर. मुलांना वाटलं होतं, सिनेमात धरण फुटतं तसं पाणी येईल. आम्ही कठड्याला टेकून, अंगावर शाली घेऊन, चारी बाजूंनी फटाके वाजत असताना वाट बघत राहिलो. साडेबाराच्या सुमाराला ओवी नवऱ्याच्या खांद्यावर झोपली. पाणी आलं ते ईशानच्या लक्षात आलं, कारण तो एका ठराविक गोट्याकडे बघत होता आणि तो गोटा दिसेनासा झाला. बस, तेवढंच. खळखळाट नाही, लाट नाही. कचरा, पणत्या, निर्माल्य उचलत, गोट्यांच्या मधून काळं पाणी हळूहळू वर चढत होतं.

"हे काय?" ईशान हिरमुसला.

"एकदम सोडलं तर भराव सुटतो," अण्णा म्हणाले. "पाणी सोडायचं तर असं. कुणाला कळू नये."

चौथा दिवस : पाडवा, रुरकी, आसफनगर आणि दिल्लीची वाट

सकाळी निघून पुन्हा काठाकाठाने. तोच कालवा, पण ओळखू येईना. काल ज्या उतारावर मुलं धावली होती त्यावरून पाणी चाललं होतं. राणीपूरला खालची कमान निम्मी बुडाली होती. तिथे मुलांना गाडीतून उतरू दिलं नाही. भरलेल्या गंगनहरीच्या काठाशी पोहणाऱ्यानेही खेळू नये; उतार शेवाळलेले असतात आणि ओढ वरून दिसते त्याच्या दुप्पट. हरिद्वारच्या घाटांवर साखळ्या असतात त्या शोभेसाठी नाहीत.

रुरकीत, सिंहांपाशी, ओवीला तिचा प्रयोग करायचा होता. आईंच्या पाडव्याच्या हारातलं एक झेंडूचं फूल तिने पुलावरून टाकलं आणि काठावरच्या रस्त्याने त्याच्याबरोबर चालू लागली, मग भरभर, मग पळू लागली. तिसऱ्या विजेच्या खांबापाशी फूल पुढे गेलं. अण्णांनी घड्याळात सेकंद मोजले होते, खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं, आणि नातवाला वेग काढायला लावला. रुंदी, खोली, वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. त्यांनी हे तरुणपणी कागदाच्या होड्या टाकून शिकलं होतं म्हणे.

रुरकीच्या पुढे आसफनगर. इथे कालवा पायरीवरून उतरतो. याला इथले लोक 'झाल' म्हणतात. जमीन कालव्याच्या गरजेपेक्षा जास्त उतरती आहे, म्हणून मध्ये मध्ये अशा पायऱ्या ठेवून उतार मोडायचा. तरीही कॉटलीने उतार जरा जास्तच दिला. पाणी जोरात धावलं, तळ खरवडला, झालींचे पाये उघडे पडले. तिकडे गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधून नाव कमावलेला आर्थर कॉटन कॉटलीवर तुटून पडला. कालव्याचं तोंडच चुकीच्या जागी घेतलं, असं त्याचं म्हणणं. १८६३ पासून दोघांची छापील भांडणं चालली. दुरुस्त्या कराव्या लागल्या, हे खरं. कालव्याचं तोंड हरिद्वारलाच राहिलं, हेही खरं.

"तुम्ही कुणाच्या बाजूचे, आजोबा?" ईशानने विचारलं.

"मी पाट चालवणाऱ्याच्या बाजूचा. साहेब भांडतात, दार मात्र त्यालाच उघडायला लागतं."

झालीच्या शेजारी बोटींसाठी बांधलेला जुना लॉक आहे. कालवा नुसता शेतीसाठी नव्हता, माल वाहण्यासाठीही होता. होड्या पायरी कशी उतरणार, म्हणून ही बाजूची वाट. आता त्यात होडी येत नाही. ओवीने तरी वही काढली आणि चौथी ओळ पूर्ण केली: सोलानी. कालवा वर, नदी खाली. मग थोडा विचार करून खाली लिहिलं: होडी, दोन्ही.

झालीचा आवाज मोठा होता. अण्णा बाजूला जाऊन फोन लावत होते. त्यांच्याबरोबर कालव्यावर तीस वर्षं काढलेला एक जोडीदार गावी असतो, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. "अरे, मी आसफनगरला. हो, रुरकीच्या खाली. सेतू बघितला, पंधराही कमानी. आता पाणी आलंय. थांब, ऐक." आणि त्यांनी फोन कठड्याबाहेर, पाण्याच्या अंगाला धरला. नेमका तेव्हाच मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. अण्णांनी फोन तसाच धरून ठेवला, ट्रक दूर जाईपर्यंत.